कॅन्सर गेला, दुखणं राहिलं: स्वभाव, वेदना आणि रोजचं जगणं यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सरचे उपचार पूर्ण केलेल्या, पण दुखण्यातून न सुटलेल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. वेदनेवरच्या औषधांची माहिती बऱ्याच ठिकाणी मिळते. स्वभावाबद्दल मात्र दोनच वाक्यं कानावर पडतात: ‘तू फार विचार करतेस’ आणि ‘मन खंबीर ठेव’. दोन्हींचा उपयोग फारसा होत नाही, म्हणून इथे स्वभावाला जास्त जागा दिली आहे.

उपचार संपले, रिपोर्ट चांगले आहेत. मग दुखतं कशानं?

बहुतेक वेळा हे दुखणं उपचारांनीच मागे ठेवलेलं असतं. ऑपरेशनमध्ये नसा कापल्या जातात, ताणल्या जातात. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढताना तिथून दंडाकडे जाणारी त्वचेची नस दुखावते. त्यामुळे काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणाही असतो आणि आगही होते. छाती उघडून फुफ्फुसाचं ऑपरेशन झालेल्यांना बरगड्यांमधल्या नसांची कळ वर्षानुवर्षं येऊ शकते. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन, सिसप्लॅटिन, व्हिनक्रिस्टिन, बॉर्टेझोमिब ही कॅन्सरवरची औषधं हातापायांच्या टोकांपर्यंत जाणाऱ्या नसांना इजा करतात. मग मुंग्या येतात, तळवे जळतात, शर्टाचं बटण लावताना बोटांना बटणच जाणवत नाही. ऑक्सॅलिप्लॅटिन आणि सिसप्लॅटिन यांच्या बाबतीत केमो थांबल्यावरही काही महिने हा त्रास वाढत जाऊ शकतो. ही गोष्ट आधी कुणी सांगितली नसेल तर माणूस हबकून जातो.

स्तनाच्या कॅन्सरनंतर अॅनास्ट्रोझोल, लेट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन यांपैकी एखादी गोळी अनेकींना काही वर्षं घ्यावी लागते. तिने काहींचे सांधे आखडतात, सकाळी मूठ वळत नाही. रेडिएशनमुळे नसांना झालेली इजा तर कधीकधी काही वर्षांनी डोकं वर काढते.

तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात कॅन्सरच्या उपचारांनंतरच्या दीर्घकालीन वेदनेची स्वतंत्र नोंद आहे. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे काही नाही’ हे उत्तर आता कुणी देऊ नये.

असं फक्त मलाच होतंय का?

नाही. जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१६ साली काढलेल्या आकड्यानुसार, बरं करण्याच्या उद्देशाने दिलेले उपचार पूर्ण झालेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांना वेदना होत होत्या. डेन्मार्कमधल्या २००९ च्या एका मोठ्या पाहणीत, स्तनाचं ऑपरेशन होऊन दोन-तीन वर्षं झालेल्या स्त्रियांपैकी ४७ टक्के स्त्रियांनी दुखत असल्याचं सांगितलं.

माझ्या स्वभावामुळेच कॅन्सर झाला असेल का?

नाही. हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

राग गिळणारा, भावना दाबून ठेवणारा माणूस कॅन्सरला बळी पडतो, ही कल्पना जुनी आहे. १९८० च्या दशकात हान्स आयझेंक या ब्रिटनमधल्या नामांकित मानसशास्त्रज्ञाने रोनाल्ड ग्रोसार्थ-मॅटिसेक यांच्यासोबत लेख लिहिले आणि तिला शास्त्राचं वजन मिळालं. त्यांतले आकडे इतके जबरदस्त होते की अनेकांना तेव्हाच शंका आली होती. २०१९ साली किंग्ज कॉलेज लंडनने चौकशी केली आणि या दोघांच्या नावावरचे २६ लेख भरवसा ठेवण्याजोगे नाहीत असा निष्कर्ष काढला. त्याआधी २०१० साली स्वीडन आणि फिनलंडमधल्या जवळपास ६०,००० लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासली गेली होती. बहिर्मुख असणं किंवा चिंताळू असणं यांचा कॅन्सर होण्याशी संबंध दिसला नाही आणि कॅन्सरनंतर किती जगलं याच्याशीही दिसला नाही.

तरीही ही समजूत मरत नाही. आजाराला कारण सापडलं की आसपासच्या माणसांना जरा सुरक्षित वाटतं, एवढाच तिचा आधार. आजारी माणसाच्या वाट्याला मात्र दुखण्याच्या जोडीला अपराधीपणा येतो.

मग स्वभावाचा संबंध येतो तरी कुठे?

वेदना किती आहे आणि ती आयुष्यात किती ढवळाढवळ करते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेदना मोजायच्या एका प्रचलित प्रश्नावलीत तीव्रतेला ० ते १० गुण देतातच, पण पुढे सात गोष्टींबद्दल वेगळं विचारतात: रोजची हालचाल, मनःस्थिती, चालणं, काम, माणसांशी संबंध, झोप आणि जगण्यातली मजा. दोन माणसं तीव्रतेला दहापैकी पाचच गुण देतात. त्यांतला एक कामावर जातो, दुसऱ्याने घराबाहेर पडणं सोडलेलं असतं. या फरकामागे पैसा, घरचा आधार, कामाचं स्वरूप, इतर आजार असं बरंच काही असतं. त्यात स्वभावही असतो.

मानसशास्त्रात स्वभाव साधारण पाच पैलूंनी मोजतात: चिंताळूपणा, बहिर्मुखता, नव्याची ओढ, इतरांशी जुळवून घेणं आणि शिस्त. कॅन्सरनंतरच्या जगण्याशी सगळ्यात ठळक नातं दिसतं ते चिंताळूपणाचं. तो जास्त असलेल्यांना थकवा, झोपमोड, उदासी यांचा त्रास जास्त जाणवतो. शिस्त असलेल्या माणसाला व्यायाम आणि गोळ्यांच्या वेळा पाळणं सोपं जातं. पण तोच माणूस ‘ठरलेलं काम झालंच पाहिजे’ म्हणून बरं वाटणाऱ्या दिवशी घर पालथं घालतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढतो. बहिर्मुख माणसाला आधार मिळवणं सोपं असतं, मात्र दुखण्यामुळे भेटीगाठी तुटल्या की सर्वांत जास्त तोच कोमेजतो. म्हणजे चांगला आणि वाईट अशी स्वभावांची विभागणी इथे चालत नाही.

एक सावधगिरी. यातले बरेच अभ्यास एकाच दिवशी भरून घेतलेल्या प्रश्नावलींवर उभे आहेत. वर्षभर नीट न झोपलेल्या माणसाला ‘तुम्ही पटकन चिडता का?’ असं विचारलं तर तो ‘हो’च म्हणणार. आता हा त्याचा स्वभाव समजायचा की दुखण्याचा परिणाम? कागदावरून ते कळत नाही.

म्हणजे हे ‘मनाचे खेळ’ आहेत?

अजिबात नाही. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सुधारलेल्या व्याख्येतही वेदना हा शारीरिक संवेदना आणि भावना मिळून होणारा अनुभव मानला आहे. हे हाड मोडलेल्या खेळाडूलाही लागू होतं. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या हॉस्पिस चळवळीच्या प्रणेत्या डेम सिसिली साँडर्स यांनी तर १९६० च्या दशकातच शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक वेदना एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत असं मांडलं होतं. डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवलं तर त्याचा अर्थ ‘तुमचं दुखणं खोटं आहे’ असा घेऊ नका.

जरा दुखलं की पहिला विचार येतो, ‘परत आला’. हे थांबत का नाही?

कारण तो विचार वेडगळ नाही. एकदा शरीराने दगा दिलेला असतो. ज्यांना कॅन्सर कधीच झाला नाही त्यांची पाठ दुखली तर ती नुसती पाठ असते. तुमच्यासाठी तिला दुसरा अर्थ चिकटलेला आहे.

काळजीखोर माणसात पुढे एक साखळी तयार होते. दुखलं की लक्ष तिथेच खिळतं, मग वाईटात वाईट शक्यता डोळ्यांसमोर येते, मग आपल्या हातात काही नाही असं वाटतं. दुखेल या भीतीने हालचाल कमी होते. हालचाल कमी झाल्यामुळे स्नायू अशक्त होतात, सांधे आखडतात आणि दुखणं खरोखर वाढतं. या साखळीतले विचार मोजण्यासाठी १९९५ पासून १३ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरात आहे. वेदना जीवन किती व्यापते याचा अंदाज तिच्या गुणांवरून बऱ्यापैकी बांधता येतो. महत्त्वाचं म्हणजे ही विचार करायची सवय आहे, कायमचा शिक्का नाही. उपचारांनी हे गुण कमी होतात.

‘विचारच करू नकोस’ हा सल्ला इथे हमखास फसतो. त्यापेक्षा डॉक्टरांकडून आधीच स्पष्ट करून घ्या: माझ्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये कोणत्या लक्षणांसाठी लगेच फोन करायचा आणि कोणत्या दुखण्याला दोन आठवडे पाहायचं. हे कागदावर लिहून घेतलेलं असलं की रात्री दोन वाजता मनाशी वाद घालायला काहीतरी हातात राहतं.

वाट न पाहता तातडीने कधी जायचं?

पाठ किंवा मान नव्याने दुखू लागली आणि आडवं झाल्यावर किंवा रात्री ते वाढतं आहे. पायांत अशक्तपणा, चालताना तोल जाणं, मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा. लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटणं. यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, कारण मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब येत असण्याची शक्यता असते आणि त्यात तास मोलाचे असतात. याखेरीज, कारण नसताना दिवसेंदिवस वाढत जाणारं नवीन दुखणं किंवा वजन घटणं अंगावर काढू नका.

मी कुणाला सांगत नाही, सोसते. हे चांगलंच ना?

लोक याचं कौतुक करतात. माझं मत उलटं आहे. या सगळ्या प्रश्नांत सर्वाधिक नुकसान सोशिक माणसाचं होतं, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. काळजीखोर माणूस निदान फोन करतो. सोशिक माणूस तपासणीच्या खोलीत हसून ‘ठीक आहे’ म्हणतो, डॉक्टर ‘ठीक’ लिहितात आणि पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची मिळते.

न बोलण्याची कारणं बहुतेकदा चांगुलपणाचीच असतात. डॉक्टरांचा वेळ घ्यायचा नाही. ज्यांनी जीव वाचवला त्यांच्यासमोर तक्रार करणं कृतघ्नपणाचं वाटतं. घरच्यांनी खूप केलंय, आता आणखी नको. आणि कधीकधी अशी भीती असते की दुखतं म्हटलं तर तपासण्या होतील आणि तपासण्यांत काहीतरी सापडेल.

मानसशास्त्रात ‘टाइप डी’ नावाने ओळखला जाणारा एक स्वभावगट आहे. योहान डेनोलेट या अभ्यासकाने तो आधी हृदयरोग्यांमध्ये मांडला. मनात सतत नकोशा भावना असणं आणि त्या दुसऱ्यांसमोर बोलून न दाखवणं, या दोन्ही गोष्टी ज्यांच्यात एकत्र असतात ती ही माणसं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या १४ प्रश्नांच्या यादीने ते तपासता येतं. नेदरलँड्समध्ये कॅन्सरमधून वाचलेल्यांवर झालेल्या अभ्यासांत या गटातल्या लोकांचं जीवनमान खालचं आणि चिंता-उदासी जास्त असल्याचं आढळलं. नुसतं अबोल असणं वेगळं. आतून समाधानी असलेला अबोल माणूस यात मोडत नाही.

तुम्ही असे असाल तर बोलकं व्हायचा अट्टहास नको. लिहून द्या. ० ते १० मधला एक आकडा, जिथे दुखतं ती जागा आणि दुखण्यामुळे सोडून दिलेली एक गोष्ट, एवढं चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवलं तरी बोलणं सुरू होतं.

‘जीवनमान’ मोजतात म्हणजे नक्की काय करतात?

कॅन्सरमध्ये सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलींपैकी एक युरोपातल्या कॅन्सर संशोधन संघटनेची आहे. ती १९९३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ३० प्रश्न आहेत: पिशवी उचलताना त्रास होतो का, लक्ष लागतं का, घरच्या आयुष्यावर परिणाम झाला का, वगैरे. शेवटच्या दोन प्रश्नांत गेल्या आठवड्यातली एकूण तब्येत आणि एकूण जीवनमान यांना १ ते ७ गुण द्यायचे असतात.

यात एक गंमत आहे. दुखणं तेवढंच असताना काही लोकांचे गुण वर्षभरात वाढतात. माणूस मनातली मापं बदलतो. पूर्वी डोंगर चढणं म्हणजे तब्येत होती, आता सकाळी कुणाच्या मदतीशिवाय अंघोळ करता आली की दिवस चांगला. याला खोटं समाधान म्हणणं चूक आहे. पण ‘गुण वाढले, म्हणजे आता उपचार नकोत’ असा अर्थ डॉक्टरांनी काढला तर तीही चूकच.

घरचे म्हणतात, ‘तू पूर्वीसारखा राहिला नाहीस.’ कॅन्सरने स्वभाव बदलतो का?

स्वभाव बदलला असं म्हणण्याआधी बाकीच्या गोष्टी तपासा. झोप किती होते? नसांच्या दुखण्यावरच्या गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन या औषधांनी किंवा मॉर्फिनच्या गटातल्या वेदनाशामकांनी सुस्ती आणि मंदपणा येतो. स्टिरॉइडने चिडचिड होते. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये हार्मोन कमी करणाऱ्या इंजेक्शनांनी मन खचू शकतं. मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड मंदावलेलं असू शकतं, ते साध्या रक्ततपासणीत कळतं. आणि नैराश्य, जे नेहमी रडण्याच्या रूपात येत नाही. पुरुषांमध्ये ते बऱ्याचदा खेकसण्याच्या रूपात येतं. यांपैकी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी करता येतं.

हे सगळं वगळूनही काही लोक खरोखर बदलतात. काहींना माणसं जवळची वाटू लागतात, नको त्या गोष्टींना नाही म्हणता येतं. अशा बदलाचा अभ्यास १९९० च्या दशकापासून होतो आहे. पण तो प्रत्येकात व्हायलाच हवा असं नाही. कॅन्सरमधून काही शिकायला मिळालं नाही, नुसता त्रास झाला, असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सकारात्मक राहिल्याने दुखणं कमी होतं ना?

मुळात आशावादी असलेल्या माणसांना वेदना पेलणं सोपं जातं, हे खरं. पण जो मुळात तसा नाही त्याच्यावर हसरा चेहरा लादला की त्याला एक काम वाढतं, तो चेहरा टिकवण्याचं.

स्वभाव बदलता येतो का?

काही प्रमाणात. २०७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मानसोपचारानंतर लोकांचे स्वभावाचे गुण बदललेले दिसले. सर्वांत जास्त बदल भावनिक स्थैर्यात होता, आणि उपचारांचा कालावधी सरासरी २४ आठवड्यांचा होता. हे अभ्यास वेगवेगळ्या लोकांवरचे होते, फक्त कॅन्सरमधून वाचलेल्यांवरचे नव्हेत. तरी ‘माझा स्वभावच असा’ म्हणून हात टेकायचं कारण नाही, एवढं त्यातून कळतं.

माझ्या मते मात्र दीर्घकाळ दुखणाऱ्या माणसाने स्वभाव बदलण्याच्या मागे लागू नये. उपचार स्वभावाला साजेसे करून घेणं जास्त लवकर जमतं.

ते कसं? कोणत्या उपचारांचा खरंच उपयोग होतो?

आधी शरीराचं बघू. केमोमुळे नसांना झालेल्या वेदनेवर अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत एकाच औषधाची शिफारस केली: ड्युलोक्सेटिन. हे नैराश्यावरचंही औषध आहे, त्यामुळे चिठ्ठीवर ते पाहून रागावू नका. स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असेल तर मात्र तसं सांगा, कारण ड्युलोक्सेटिनमुळे त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या गोळ्यांनी आखडलेल्या सांध्यांसाठी व्यायाम हाच मोठा उपाय. २०१५ च्या एका चाचणीत स्त्रियांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम केले आणि आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल अशी हालचाल केली. त्यांचं सांधेदुखीचं प्रमाण स्पष्टपणे खाली आलं. औषध आपल्या मनाने बंद करण्याआधी हे करून पाहण्यासारखं आहे.

मनाच्या बाजूने तीन वाटा जास्त तपासलेल्या आहेत. विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी वर्तनोपचार पद्धत काळजीखोर माणसाला चांगली लागू पडते, कारण ती त्या साखळीवरच हात घालते. ज्याला सगळं आपल्या ताब्यात हवं असतं त्याला वेदनेशी झगडा सोडून आवडीच्या गोष्टींकडे वळायला शिकवणारी स्वीकाराची पद्धत सुरुवातीला पटत नाही, पण पुढे अनेकदा तीच उपयोगी पडते. तिसरी सजगतेची (माइंडफुलनेस), म्हणजे या क्षणी जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याची. डेन्मार्कमध्ये स्तनाच्या कॅन्सरनंतर दुखणाऱ्या १२९ स्त्रियांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने वेदनेची तीव्रता कमी झाली.

बाकी आखणी साध्या समजुतीने करायची. अबोल माणसाला गटात बसवू नका, एकेकट्याने होणारं समुपदेशन किंवा घरबसल्या करता येणारा अभ्यासक्रम द्या. चारचौघांत रमणाऱ्याला व्यायामाचा गट द्या. शिस्तीच्या माणसाला ‘किमान इतकं करा’ असं न सांगता ‘यापेक्षा जास्त करायचं नाही’ अशी मर्यादा घालून द्या. नव्याची ओढ असलेला माणूस प्रत्येक नवा उपाय करून बघतो, त्याला आधी काय काय चालू आहे याची यादी करायला लावा.

जोरदार वेदनाशामकांची सवय लागेल का?

मॉर्फिनच्या गटातल्या औषधांबद्दल ही चिंता रास्त आहे. उपचार संपून पुढे अनेक वर्षं जगायचं असताना फायदा-तोटा पुन्हा तोलावा लागतो: बद्धकोष्ठता, सुस्ती, हार्मोनवरचा परिणाम, आणि व्यसनाचा धोका, जो पूर्वी व्यसन असलेल्यांत जास्त असतो. पण दोन्ही टोकं टाळा. भीतीपोटी वेदना अंगावर काढू नका आणि चालू असलेली औषधं एकदम बंदही करू नका. ती पायरीपायरीने कमी करायची असतात. ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या विभागात पाठवलं तर घाबरू नका. तिथे फक्त शेवटच्या टप्प्यातले रुग्ण जातात हा गैरसमज आहे, वेदनेवर सर्वांत जास्त काम तिथलीच माणसं करतात.

घरच्यांनी काय करावं?

दर तासाला ‘दुखतंय का?’ विचारू नका. त्याने लक्ष पुन्हा दुखण्याकडे जातं. प्रत्येक काम हातातून काढूनही घेऊ नका. सोशिक माणसाच्या बाबतीत मात्र त्याच्या शब्दांपेक्षा त्याने काय काय सोडून दिलंय ते पाहा: जिना चढणं, वाचन, फोनवर बोलणं. आणि तपासणीला सोबत जा, कारण तिथे तो ‘ठीक आहे’ म्हणणार आहे.

डॉक्टरांकडे दहाच मिनिटं मिळतात. त्यात हे सगळं कसं मांडू?

स्वभावाचं वर्णन करत बसू नका, कामापुरती माहिती द्या. गेल्या आठवड्यात सर्वांत वाईट आणि सर्वसाधारण वेदना किती. ती जळते, टोचते, ठणकते की आखडते, कारण नसांच्या आणि सांध्यांच्या दुखण्याची औषधं वेगळी आहेत. झोप किती तास. दुखण्यामुळे बंद झालेली आणि तुम्हाला परत हवी असलेली एक गोष्ट. आणि स्वभावाबद्दल एकच वाक्य: ‘मी लवकर घाबरते, मला नीट समजावून सांगा’ किंवा ‘मी त्रास कमी करून सांगतो, जरा खोदून विचारा’. हे वाक्य फाइलमध्ये पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा. पुढच्या वेळी डॉक्टर बदललेले असतील तर त्यांनाही ते दिसेल.